२७ माणसं, एक 'बघू' आणि कामगार कार्यालयाचं पत्र

रापणकर | १९ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. मालवणजवळ आमचं रिसॉर्ट आणि खानावळ आहे. २०१८ ला चार खोल्या आणि आईच्या हातची मच्छी थाळी एवढाच पसारा, माणसं म्हणजे मी, बायको, आई आणि शेजारच्या दोन काकी. आज १४ खोल्या, खानावळ, पर्यटकांची एक बोट आणि पगारपत्रकावर २७ माणसं. पगारपत्रक म्हणजे बायकोची निळी वही, आणखी काही नाही.

तर झालं असं. आमचा मुख्य कूक जून २०१९ पासून आहे, हाताला चव म्हणजे अशी की लोक पुण्याहून फोन करून विचारतात तो आहे का आज. हा माणूस दशावतारात राजपार्ट करतो. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू आणि ह्याच्या रात्री सुरू. नोव्हेंबरात एकदा सुरमई साफ करता करता म्हणाला, "दादानू, २९ ते ३१ माका येवक जमाचा नाय, नाटकां आसत." मी फोनवर बुकिंग घेत होतो, म्हटलं "बघू". माझ्या डोक्यात बघू म्हणजे नाही. त्याच्या डोक्यात हो.

डिसेंबरच्या २९ ला आला नाही. ३० ला नाही. ३१ ला १२० पानं बुक आणि चुलीपुढे ६८ वर्षांची माझी आई, रात्री एकपर्यंत. मी साडेबाराला, हॅपी न्यू इयरच्या मेसेजांच्या मध्येच, त्याला व्हॉट्सअॅप टाकला, "उद्यापासून येऊ नको, हिशोब घेऊन जा". दोन तारखेला आला, उचल वजा करून डिसेंबरचा पगार हातावर ठेवला, तो काही बोलला नाही, गेला. परवा कामगार कार्यालयाचं पत्र आलंय. बेकायदा कामावरून काढलं, ग्रॅच्युइटी नाही, रजेचा पगार नाही वगैरे.

आता मला सांगा मी चुकलो का, आणि तुम्ही लोक रजेचं नक्की ठेवता कसं? कारण गणपती, शिमगा, आंगणेवाडीची जत्रा, लावणी, कापणी, लग्नं, ह्यातून उरलेल्या दिवसांत माझा धंदा चालतो असं वाटायला लागलंय.

फणसकाटा

चुकलास कसला? ३१ डिसेंबरला दगा देणाऱ्याला आरती ओवाळायची का. पत्रं येतात आणि जातात. आमच्याकडे पाच माणसं आहेत, आला तर पगार नाही आला तर खाडा, रजा हा शब्दच नाही, आणि सगळे सुखात आहेत.

घाटावरचा जावई

फणसकाटा, तुमच्याकडे पाच आहेत, ह्यांच्याकडे २७. पाच माणसांचं घर असतं, २७ माणसांची पंगत असते, पंगतीला वाढपी ठरवावे लागतात. बाकी माझा अनुभव शून्य, मी सासुरवाडीला फक्त थाळी खायला येतो, धागा वाचतोय.

हिशोबाची वही

रापणकर, मी कुडाळला पगारपत्रकं आणि पीएफची कामं करतो, गेली १६ वर्षं. राग मानू नका, सरळ लिहितो.

तुमचा तो मेसेज म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेला पुरावा आहे. तारीख, वेळ, तुमचा नंबर आणि "येऊ नको". कारण विचारलेलं नाही, बाजू ऐकलेली नाही. न सांगता गैरहजर राहणं ही चूक आहेच पण त्यासाठी आधी घरच्या पत्त्यावर पत्र जातं, "अमुक दिवसांपासून आपण गैरहजर आहात, खुलासा द्या, कामावर हजर व्हा". स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. खुलासा आला तर वाचा, पटला नाही तर समोरासमोर बसून चौकशी, त्याला त्याचं म्हणणं मांडू द्या, लिहून घ्या, सह्या. मग काय ती शिक्षा. आणि तीन दिवसांच्या खाड्याला थेट काढणं, तेही सहा वर्षांच्या माणसाला, कुठेही टिकायला कठीण. लेखी ताकीद द्यायची होती. त्यात तुमच्या केसमध्ये तर त्याने आधी सांगितलेलं आहे, तुम्हीच इथे लिहिलंय.

ग्रॅच्युइटी. पाच वर्षं भरली की हक्क, राजीनामा असो वा काढलेलं असो. शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. जून २०१९ ते डिसेंबर अखेर म्हणजे सहा वर्षं आणि सहा महिन्यांच्या पुढे किती ते हजेरीची पहिली तारीख काढून बघा, कारण तिथेच एका वर्षाचा फरक पडतो. समजा पगार १८,००० असेल तर एका वर्षाचे १०,३८५ च्या आसपास, सात वर्षं धरली तर ७२,६९२. खाडा केला म्हणून ही रक्कम बुडवता येत नाही, तुमचं नुकसान मुद्दाम केलं, मारामारी केली असं काही असेल तरच तो विषय निघतो. ३० दिवसांत द्यायची असते.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झालेत हे ऐकलं असेल. त्यात काढलेल्या किंवा सोडून गेलेल्या माणसाचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. तुम्ही २ तारखेला दिलात ते चांगलं झालं. उचलीची कपात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या अर्ध्यावर जाता कामा नये, तेवढं तपासा. दुसरं म्हणजे पूर्वी बेसिक ४,००० आणि बाकी सगळे भत्ते असा खेळ चालायचा, आता भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग पगारातच धरतात, त्यामुळे ग्रॅच्युइटी आणि पीएफ दोन्हीचा हिशोब बदलतो.

पीएफ भरता ना? लिहिलं नाहीत म्हणून शंका आली.

रापणकर

पीएफचं... अजून नाही. मला वाटायचं २० च्या वर कायमची माणसं लागतात. आमच्यात सहा बायका अर्धा दिवस येतात भाकरीला आणि चादरींना, बोटीवरची चार पोरं सीझनची, ती धरत नव्हतो.

लॉकडाऊनचे महिने आम्ही पूर्ण बंद होतो २०२० ला, ते वजा होतील ना वर्षांतून? आणि तारीख काढली, ११ जून.

हिशोबाची वही

सगळी धरतात. अर्धा दिवस असो, सीझनचा असो, ठेकेदाराकडून आलेला असो, २० डोकी झाली की लागू, आणि एकदा लागू झालं की नंतर १५ वर आलात तरी सुटत नाही. १२ टक्के त्याचे, १२ तुमचे, तुमच्यातले ८.३३ पेन्शनला. १५,००० पर्यंतचा पगार बंधनकारक धरला जातो. उशिरावर १२ टक्के व्याज, दंड वेगळा, आणि मागच्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा आता त्याच्या पगारातून कापायला जाऊ नका, तो तुमच्याच खिशातून जाईल. म्हणून उद्याच नोंदणी करा, पुढच्या आठवड्यात नाही.

लॉकडाऊन वजा होत नाही, त्याच्या चुकीने बंद नव्हतं. ११ जून म्हणजे सहा वर्षं साडेसहा महिने झाले, सातच धरा.

जाता जाता, दहाच्या वर माणसं आहेत म्हणजे इएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा, लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती, हे सगळं तुमच्यावर आलेलं आहे. इएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला, कामगाराचे ०.७५ टक्के, तुमचे ३.२५. त्यात आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार तिकडून मिळतो, लोकांना हे माहीतच नसतं. तुमच्या भागात कुठला दवाखाना जोडलाय ते मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर कार्ड आहे आणि डॉक्टर दोन एसट्या बदलून.

फणसकाटा

हे सगळं भरलं की थाळी ४०० ची ७०० होईल आणि मग गिऱ्हाईक गोव्याला जाईल, ते कोण सांगणार? कायदा मुंबईत बसून लिहिलेला असतो हो.

तांडेल हर्णै

फणसकाटा, तुमचं थोडं बरोबर आहे पण मी दुसरी बाजू सांगतो. आमचे दोन ट्रॉलर होते, आता एक. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, खलाशी गावी जातात, परत येतील की नाही ही नारळी पौर्णिमेपर्यंत धाकधूक. त्यांना बांधून ठेवायला आम्ही सगळे उचल देतो, ५० हजार, लाख. त्यातले काही उचल घेऊन दुसऱ्या बंदरात चढतात. म्हणजे पैसे जायचे ते जातातच, फक्त नाव उचल. गेल्या तीन वर्षांत मी उचल कमी केली आणि बंदीच्या दोन महिन्यांत दर महिन्याला थोडी रक्कम खात्यात टाकतो, घरी आजारी पडला तर दवाखान्याचं बघतो. आठातले सात परत आले गेल्या ऑगस्टला. पुण्य वगैरे नाही, मला ते स्वस्त पडलं.

पण एक विचारतो वहीवाले साहेबांना, रापणकरांची बोटीवरची पोरं २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असते तेव्हा दर वर्षी काढायची आणि सप्टेंबरला घ्यायची, हे चालतं का?

हिशोबाची वही

चालतं पण कागदावर आधी ठरलेलं पाहिजे. सीझनपुरती ठराविक मुदतीची नेमणूक द्या, पत्रावर सुरुवात शेवट दोन्ही तारखा, मुदत संपली की ती संपते, ती नोकरकपात धरत नाहीत. मात्र पगार, रजा, पीएफ कायमच्या माणसाइतकंच, आणि नव्या कोडात अशा मुदतीच्या माणसाला वर्ष भरलं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायला नको. खरोखर हंगामी आस्थापनेत दर हंगामाला सात दिवसांचा पगार असा वेगळा हिशोब आहे, पण रापणकरांची खानावळ बारा महिने चालते, तिला हंगामी म्हणवून घ्यायला जाऊ नका.

कागद नसेल आणि पोरगं वर्षात २४० दिवस भरलेलं असेल आणि "पाऊस आला, घरी जा" म्हटलंत तर ती नोकरकपात. मग एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि शेवटी आला तो आधी जातो हा क्रम. परत भरती करताना त्याच माणसाला आधी विचारायचं.

ओवसा

मी गणपतीपुळ्याजवळ एका हॉटेलात माणसांचं बघते, आमच्याकडे ४१ जण. रापणकर दादा, तुमचा खरा प्रश्न कूक नाहीये, "बघू" आहे. आमच्या आधीच्या मॅनेजरांचा शब्द होता "सांगतो". गौरीला ओवसायला, म्हणजे सुपं ओवाळायला, जायचं म्हणून मी स्वतः रजा मागितली होती, "सांगतो" म्हणाले, आणि आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी नाही म्हणाले. पहिला ओवसा होता माझा. मी गेलेच. तीन दिवसांचा पगार कापला, कापू दे.

आता ते काम माझ्याकडे आहे तर मी एवढंच केलं की ऑफिसच्या भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर, ज्याला जे पाहिजे त्याने पेन्सिलने स्वतः लिहायचं, आणि मी तीन दिवसांत पेनाने हो किंवा नाही. तिसरा शब्द नाही. नाही लिहिलं तर शेजारी कारण लिहायचं आणि बदली तारीख द्यायची. किचनमधून एका वेळी दोघं, हाउसकीपिंगमधून तिघी, ह्यापेक्षा जास्त नाही, आणि ही संख्या त्यांनीच ठरवली. गणपतीला दोन तुकड्या, ज्यांचा दीड दिवसाचा ते लगेच परत, ज्यांचा पाच आणि सात दिवसांचा ते नंतर येतात. आमच्याकडच्या दोन मुस्लिम मुली आणि एक ख्रिश्चन कूक त्या आठवड्यात सगळं ओढतात, ईदला आणि नाताळला आम्ही त्यांच्यासाठी ओढतो. हे कुठल्या कायद्यात नाही.

कायद्यातलं म्हणाल तर शॉप अॅक्टात (दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात) आठ नैमित्तिक रजा आहेत, तिमाहीला दोन अशा जमा होतात, वर्षअखेर संपतात. २० दिवस कामाला एक दिवस अशी हक्काची रजा वेगळी, ती ४५ पर्यंत साठते. आणि आठ सणाच्या पगारी सुट्ट्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. ह्या चारांवर आमच्याकडे डिसेंबरात तासभर भांडण होतं आणि नंतर वर्षभर कोणी भांडत नाही.

हिशोबाची वही

ताईंनी अगदी बरोबर लिहिलंय. एकच भर, हक्काच्या रजेला शॉप अॅक्टात वर्षात २४० दिवस भरावे लागतात आणि नव्या कोडात १८०. माझ्या सगळ्या अशिलांना मी १८० धरायला सांगतो, थोडे पैसे जास्त जातील, वाद जाईल.

रात्रपाळी

मालक लोकांच्या धाग्यात बोलू की नको कळत नाही. मी अशाच एका हॉटेलात होतो, नाव नाही सांगत. कामगार पत्र टाकतो तेव्हा सगळे म्हणतात शिकवलेला दिसतोय कोणीतरी. मला कोणी शिकवलं नव्हतं. चार वर्षं दहा महिने झाले होते आणि एक दिवस म्हणाले धंदा मंदा आहे. दोन महिन्यांनी माझ्या जागी दुसरा. पाच वर्षं होऊ नयेत म्हणून काढलं हे मला नंतर एका वकिलाने सांगितलं. पैशापेक्षा जास्त काय लागलं सांगू, हॉटेलातल्या पूजेला दर वर्षी प्रसाद मी करायचो, त्या वर्षी मला पूजेचा फोनसुद्धा नाही. रापणकर भाऊ, तुमचा कूक काही न बोलता गेला ना, त्याचा अर्थ त्याला मान्य आहे असा घेऊ नका. "घरचाच आहेस" असं सहा वर्षं ऐकलेल्या माणसाला घरातून मेसेजवर काढलंय.

फणसकाटा

रात्रपाळी, हे वाचून वाईट वाटलं. चार वर्षं दहा महिन्यांवर काढणं ही लबाडी आहे, त्याला माझा पाठिंबा नाही, ते लिहून ठेवतो.

रापणकर | २१ जानेवारी

रात्रपाळी, बोललात ते बरं केलंत. दोन दिवस काही लिहिलं नाही. "घरचाच" हा शब्द मी रोज वापरतो, जादा थांबवायचं असलं की तर नक्कीच.

एक जादा प्रश्न, खानावळीतली एक मुलगी पाचव्या महिन्यात आहे, वर्षभर आहे आमच्याकडे. बायको म्हणते तिला आत्ताच हलकं काम देऊ. रजेचं काय?

हिशोबाची वही

वहिनींचं ऐका. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवडे पगारी, दोन मुलांपर्यंत. इएसआयची वर्गणी पुरेशी भरलेली असती तर तो पगार तिकडून मिळाला असता, ती नाही म्हणून तो बोजा तुमच्यावर. त्या काळात तिला काढायचा विचारही करू नका.

रापणकर | ९ फेब्रुवारी

काय झालं ते सांगतो. कामगार कार्यालयात पहिल्या सुनावणीला गेलो. मला वाटलं होतं ओरडतील, पण समोरच्या अधिकाऱ्यांनी एकच विचारलं, "रजेचा अर्ज नाकारल्याचा कागद आहे का?" माझ्याकडे नाकारल्याचाच काय, मागितल्याचाही कागद नाही. निळी वही दाखवली, त्यात हजेरी म्हणजे हजर असेल तर काही नाही आणि नसेल तर फुली. त्यांनी पानं उलटली आणि परत दिली.

कूक बाहेर बाकावर बसला होता. मी चहा आणला. तो म्हणाला, "दादानू, बघतलंव म्हणालात, म्हणान मी नाटक कंपनीक हो सांगितलंय." बस. त्या रात्री तो कुठल्या तरी जत्रेत राजा होता आणि माझी आई चुलीपुढे, दोघंही आपापल्या जागी घाम पुसत. आई त्याला काही बोलली नाही म्हणे नंतर, मलाच बोलली.

तडजोड झाली, लेखी. तो परत येतोय. सेवा सलग धरली, जानेवारीचा अर्धा पगार मी दिला, ३ दिवसांच्या गैरहजेरीची लेखी ताकीद त्याने सही करून घेतली. मला ताकीद नको होती पण तोच म्हणाला घाला, उद्या दुसरा कोण गेला तर त्यालाही द्यावी लागेल ना. तुळशीच्या लग्नापासून एप्रिलपर्यंत तो आठवड्यात चार दिवस येणार, पगार त्या प्रमाणात, आणि त्याने हाताखाली एक पोरगा तयार करायचा. सुरमई कापायला पोरगा शिकतोय, कोलंबीला मात्र हात लावू देत नाही.

पीएफची नोंदणी झाली, मागच्या १४ महिन्यांचा हिशोब वहीवाल्यांकडे आहे, आकडा ऐकून बायकोने निळी वही कपाटात टाकली. नेमणूक पत्रं छापली, २७. दोन काकींनी पत्र घेतलंच नाही, "आमका कशाक कागद" म्हणून. आता त्यांच्यासाठी आईने मध्ये पडायचं ठरलंय.

भिंतीवर कॅलेंडर लावलं. पहिल्या दिवशी सप्टेंबरच्या १४ तारखेपासूनच्या आठवड्यात १९ नावं. मी वर लिहिलं "किचन २, खोल्या ३, बोट बंदच", मग त्यांनीच खोडाखोड केली, आता ११ वर आलंय आणि त्या आठवड्यात आम्ही मच्छी थाळी बंद ठेवणार, तशीही कोण खात नाही. चार सणांत गणपती, शिमगा, दिवाळी एकमताने, चौथ्यावर नाताळ की ईद असं अडलं, शेवटी ज्याला जो हवा तो असं ठरवलंय, हे चालतं का वहीवाले?

हिशोबाची वही

कायद्यात "मिळून ठरवा" एवढंच आहे, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि कागद फाईलला लावा. वर्ष सुरू झालंय म्हणून यंदाचं उशिराचं आहे, पण नसण्यापेक्षा बरं.

ओवसा

दादा शिमग्याला होळीची तारीख धरलीत की पालखी घरी येते ती? आमच्याकडे पहिल्या वर्षी मी होळीची सुट्टी दिली आणि पालखी प्रत्येकाच्या वाडीत वेगळ्या दिवशी, सुट्टी एकीकडे आणि माणसं दुसरीकडे.

रापणकर

अरे देवा. होळीची धरली.

आणि आंगणेवाडीचं तर विचारूच नका, देवीचा कौल होईपर्यंत तारीख कॅलेंडरात लिहायची कुठे? पुढच्या वर्षासाठी ती जागा मोकळीच ठेवलीय, तरी त्यांनी स्वतः येऊन आत्ताच १३ नावं लिहिली. मी पेन हातात घेऊन उभा आहे.

तांडेल हर्णै

हो लिहा. त्या दिवशी तुमच्याकडे जेवायला कोण येणार आहे, सगळे तिकडेच असणार.